युरोपीय संसदेतल्या कायद्याचा माग कसा काढायचा

घरात सगळ्यात नवा फोन कोणाचा आहे ते बघा आणि त्याची चार्जिंगची पिन बघा. बहुतेक टाइप-सी असेल. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या आयफोन १५ लाही तीच पिन मिळाली आणि तो फोन आपल्याकडच्या दुकानांतही तसाच विकला गेला. ही पिन सक्तीची करणाऱ्या कायद्यावर ४ ऑक्टोबर २०२२ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात मतदान झालं. बाजूने ६०२, विरोधात १३, तटस्थ ८. सभागृह होतं युरोपीय संसदेचं.

बातमी मतदानाच्या दिवशी येते. तोवर कायद्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द ठरून गेलेला असतो. याच कायद्यात लॅपटॉप, ई-रीडर, कीबोर्ड, माउस आणि कानात घालायचे इअरबड कधी आले? कायद्याचा प्रस्ताव मांडणाऱ्या युरोपीय आयोगाच्या मूळ मसुद्यात ते नव्हतेच. ते सहा महिने आधी, संसदेच्या समितीत आले, आणि तेव्हा त्याची बातमी फार कोणी केली नाही. म्हणून माझं सांगणं एकच आहे: बातमीच्या मागे जाऊ नका, फाइलच्या मागे जा. ती कशी उघडायची, कुठे काय शोधायचं आणि कोणत्या टप्प्यावर आपलं म्हणणं पोचू शकतं, ते इथे क्रमाने देतो. म्युनिकला किंवा आइंडहोव्हनला नोकरी करणारे, रॉटरडॅमला द्राक्षांचे कंटेनर पाठवणारे, युरोपवर लिहिणारे पत्रकार, राज्यशास्त्राचे विद्यार्थी, सगळ्यांना याचा उपयोग आहे.

आधी नावांचा गोंधळ मिटवा

युरोपीय संघात कायदा तिघांच्या हातून जातो. आयोग, म्हणजे युरोपियन कमिशन, प्रस्ताव मांडतो. संसद, म्हणजे २७ देशांतून थेट निवडून आलेले ७२० सदस्य, तो बदलते, मंजूर करते किंवा फेटाळते. आणि कौन्सिल, म्हणजे त्या त्या खात्याचे २७ देशांचे मंत्री, हेच काम दुसऱ्या बाजूने करते. दोघांचं एकमत झाल्याशिवाय कायदा होत नाही.

‘कौन्सिल’ या शब्दाने भलेभले फसतात. राष्ट्रप्रमुखांच्या बैठकीला ‘युरोपियन कौन्सिल’ म्हणतात; ती दिशा ठरवते, कायदे करत नाही. ‘कौन्सिल ऑफ युरोप’ ही तर संघाबाहेरची वेगळीच संघटना आहे. मानवी हक्कांचं न्यायालय तिचं. तिचंही मुख्यालय स्ट्रासबर्गलाच असल्यामुळे मराठी बातम्यांतही हे तिन्ही एकमेकांत मिसळलेले दिसतात.

आपल्या संसदेची सवय असलेल्या माणसाला एक गोष्ट खटकेल. लोकसभेत साधा खासदारही खासगी विधेयक मांडू शकतो, मग ते मंजूर होवो न होवो. युरोपीय संसदेच्या सदस्याला तेवढंही करता येत नाही. प्रस्ताव मांडण्याचा अधिकार जवळपास पूर्णपणे आयोगाकडे आहे. संसद बहुमताने ठराव करून आयोगाला ‘या विषयावर कायदा आणा’ म्हणू शकते. आयोगाने नकार दिला तर त्याला कारणं द्यावी लागतात, एवढंच. चार्जरबाबत नेमकं हेच झालं. संसद वर्षानुवर्षं मागणी करत होती. ३० जानेवारी २०२० च्या ठरावाला ५८२ मतं पडली. तरी आयोगाचा प्रस्ताव यायला २३ सप्टेंबर २०२१ उजाडला.

पायरी १: फाइलच्या शेवटची अक्षरं वाचा

संसदेच्या संकेतस्थळावर ‘लेजिस्लेटिव्ह ऑब्झर्व्हेटरी’ नावाचा विभाग आहे. प्रत्येक विषयाचं तिथे एक पान असतं आणि प्रत्येक पानाला क्रमांक. चार्जरचा क्रमांक २०२१/०२९१(सीओडी). पहिले चार आकडे वर्षाचे. कंसातली तीन अक्षरं मात्र नीट बघा, कारण या फाइलमध्ये संसदेची ताकद किती हे तीच सांगतात.

सीओडी असेल तर ‘सामान्य कायदेप्रक्रिया’. संसद आणि कौन्सिल बरोबरीचे. संसद ओळ न् ओळ बदलू शकते. बाजार, पर्यावरण, शेती, स्थलांतर, विदा-संरक्षण (म्हणजे डेटाचं संरक्षण) असे बहुतेक विषय यात येतात. ही बरोबरी सुरुवातीपासून नव्हती. १९५२ मध्ये कोळसा आणि पोलादाच्या समुदायाची ७८ जणांची सभा म्हणून ही संस्था सुरू झाली, तेव्हा तिला कायदा करण्याचा अधिकारच नव्हता. थेट निवडणूक पहिल्यांदा १९७९ मध्ये झाली, सहनिर्णयाचा अधिकार मास्ट्रिख्ट कराराने १९९३ मध्ये मिळाला आणि लिस्बन कराराने डिसेंबर २००९ पासून तोच मुख्य रस्ता ठरला.

सीएनएस असेल तर नुसता सल्ला. करांचे विषय साधारण इथे येतात. संसद मत देते, कौन्सिलवर ते बंधनकारक नसतं. पण हा सल्ला वाटतो तितका बिनकामाचा नाही. १९७९ मध्ये कौन्सिलने आयसोग्लुकोज या साखरेच्या पर्यायाबद्दलचा नियम संसदेचं मत येण्याआधीच करून टाकला. युरोपीय न्यायालयाने २९ ऑक्टोबर १९८० च्या निकालात तो रद्द केला: मत विचारायचं म्हणजे ते येईपर्यंत थांबायचं. तेव्हापासून मत द्यायला वेळ लावणं हेसुद्धा संसदेच्या हातातलं एक साधन झालं.

एपीपी किंवा एनएलई दिसलं आणि विषय आंतरराष्ट्रीय कराराचा असला, तर बहुधा संसदेची संमती लागते. इथे दुरुस्ती नाही; होय किंवा नाही. भारत आणि युरोपीय संघ यांच्यातल्या मुक्त व्यापार करारालाही याच दारातून जावं लागतं. ‘हा नुसता शिक्का’ असं समजू नका. बँक व्यवहारांची माहिती अमेरिकेला देणारा स्विफ्ट करार संसदेने ११ फेब्रुवारी २०१० रोजी फेटाळला. बनावट वस्तूंविरुद्धचा अॅक्टा करार ४ जुलै २०१२ रोजी ४७८ विरुद्ध ३९ मतांनी पडला. त्यामुळे वाटाघाटी करणारे संसदेला काय चालेल याचा अंदाज आधीपासून घेत राहतात, आणि कराराच्या बाबतीत आपलं म्हणणं मांडायची वेळही तीच: मसुदा पक्का होण्याआधी, व्यापार समितीकडे.

आयएनआय किंवा आरएसपी म्हणजे संसदेचा स्वतःचा अहवाल किंवा ठराव. कायदेशीर बंधन नाही. आपल्याकडच्या मथळ्यांत ‘युरोपीय संसदेने भारताबाबत ठराव केला’ असं येतं, ते जवळजवळ नेहमी याच प्रकारचं असतं. ठरावाला राजकीय वजन असतं, पण तो कायदा नव्हे. बातमी वाचल्यावर आधी ही तीन अक्षरं तपासली तर अर्धा गैरसमज तिथेच मिटतो.

पायरी २: माणसं शोधा

त्याच पानावर कोणती समिती जबाबदार आहे ते दिसतं. चार्जरची फाइल अंतर्गत बाजार आणि ग्राहक संरक्षण समितीकडे होती. समिती एका सदस्याला फाइल सोपवते. त्याला रॅपोर्टर म्हणतात. चार्जरचे रॅपोर्टर माल्टाचे समाजवादी गटातले सदस्य आलेक्स अजिउस सालिबा होते. अहवालाचा पहिला मसुदा रॅपोर्टर लिहितो, वाटाघाटीत संसदेच्या वतीने तोच बसतो.

बाकीचे राजकीय गट आपापला एक ‘शॅडो रॅपोर्टर’ नेमतात. नवखा माणूस फक्त रॅपोर्टरला पत्र लिहितो आणि तिथे चूक होते. या संसदेत कोणत्याही एका गटाला बहुमत नाही, पक्षांतरबंदीसारखा कायदा नाही, आणि सदस्य देशाच्या नव्हे तर राजकीय गटाच्या बाकावर बसतात. त्यामुळे प्रत्येक कलमाला नवं बहुमत जुळवावं लागतं आणि ते शॅडो जुळवतात. तुमच्या मुद्द्याशी ज्या गटाची भूमिका जवळची, त्याच्या शॅडोला लिहा.

अजून एक बघा: रॅपोर्टर, शॅडो आणि समितीचे अध्यक्ष यांना हितसंबंधी गटांशी झालेल्या भेटी जाहीर कराव्या लागतात. डिसेंबर २०२२ मध्ये लाचखोरीचं प्रकरण बाहेर आल्यावर हे नियम सगळ्या सदस्यांसाठी कडक झाले. सदस्याच्या पानावर ही यादी असते. तुमच्या विषयावर कोणत्या कंपन्या, कोणत्या संघटना आधीच भेटून गेल्या हे पंधरा मिनिटांत कळतं.

पायरी ३: प्रस्ताव उलटा वाचा

आयोगाचा प्रस्ताव जाडजूड असतो. सुरुवातीला समर्थनाचं टिपण, मग ‘ज्याअर्थी’ छापाची प्रास्ताविक कलमं, मग खरी कलमं, शेवटी परिशिष्टं. मी शेवटून वाचतो आणि तुम्हीही तसंच करा. चार्जरच्या कायद्यात कोणती उपकरणं येणार याची यादी परिशिष्टात होती. मुख्य मजकूर कितीही वाचला तरी लॅपटॉप आहे की नाही ते कळलं नसतं.

दुसरी खूण म्हणजे शीर्षक. ‘अमुक कायद्यात दुरुस्ती करणारा’ असं असेल तर जुना कायदा शेजारी उघडून ठेवा. चार्जरचा कायदा हा २०१४ च्या रेडिओ उपकरणांच्या कायद्यातली दुरुस्ती होता. तिसरी खूण: ‘रेग्युलेशन’ आहे की ‘डायरेक्टिव्ह’. रेग्युलेशन सगळ्या देशांत थेट लागू होतं. डायरेक्टिव्ह उद्दिष्ट ठरवून देतं आणि प्रत्येक देशाला मुदतीत स्वतःचा कायदा करावा लागतो.

चौथी खूण शोधायला किचकट, पण महत्त्वाची: ‘आयोगाला अधिकार प्रदान करण्यात येत आहेत’ असं जिथे जिथे लिहिलंय तिथे खूण करून ठेवा. पुढचे तपशील तिथे ठरणार असतात. पायरी ७ मध्ये त्याकडे परत येऊ.

पायरी ४: समिती, जिथे शब्द बदलतात

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

रॅपोर्टरचा मसुदा दोन रकान्यांत असतो. डावीकडे आयोगाचा मजकूर, उजवीकडे सुचवलेला बदल, बदललेले शब्द ठळक तिरप्या अक्षरांत. मसुदा समितीत मांडला की इतर सदस्यांना दुरुस्त्या द्यायची अंतिम तारीख जाहीर होते. मोठ्या कायद्यांवर दुरुस्त्यांची संख्या हजारांत जाते. प्रत्येक दुरुस्तीला क्रमांक असतो, खाली देणाऱ्याचं नाव असतं, आणि हे सगळं सार्वजनिक असतं. विधानसभेत प्रवर समितीच्या खोलीत काय चाललंय हे बाहेरच्याला कळणं किती कठीण असतं ते आठवा. इथे समितीच्या बैठका थेट प्रक्षेपित होतात.

तुमचं पत्र त्या अंतिम तारखेच्या तीन-चार आठवडे आधी पोचलं पाहिजे. पत्रात भावना थोड्या आणि मजकूर नेमका हवा: कलम क्रमांक, सध्याचे शब्द, त्याऐवजी हवे असलेले शब्द, आणि दोन-तीन ओळींत कारण. सदस्याच्या सहायकाला ते उचलून थेट दुरुस्तीच्या नमुन्यात टाकता यावं. ‘हा कायदा आमच्यावर अन्याय करतो’ हे दहा पानी निवेदन वाचलं जात नाही. ‘कलम ५(२) मध्ये ३० ऐवजी ९० दिवस करावेत’ हे वाचलं जातं. कोणीही लिहू शकतो, त्यासाठी युरोपचं नागरिकत्व लागत नाही. पण ज्या सदस्याच्या मतदारसंघात तुम्ही राहता, कर भरता, माणसं नोकरीला ठेवता, तो तुमचं पत्र आधी उघडेल हे उघड आहे.

दुरुस्त्या आल्यावर रॅपोर्टर आणि शॅडो बसून त्या एकत्र करतात. याला ‘तडजोडीच्या दुरुस्त्या’ म्हणतात आणि समितीत प्रत्यक्ष मतदान मुख्यतः यांच्यावर होतं. तुमचा शब्द तिथे टिकला की कापला गेला ते याच कागदांवरून कळतं. चार्जरच्या बाबतीत समितीचं मतदान २० एप्रिल २०२२ रोजी ४३ विरुद्ध २ असं झालं. लॅपटॉप आणि इअरबड यादीत आले ते या टप्प्यावर.

पायरी ५: ट्रायलॉग, बंद दाराची खोली

समितीची भूमिका ठरली की संसद, कौन्सिल आणि आयोग यांचे मोजके लोक एकत्र बसतात. या बैठकीला ट्रायलॉग म्हणतात. हा शब्द संघाच्या मूळ करारांत कुठे नाही, पण बहुतांश कायदे प्रत्यक्षात इथेच ठरतात. चार्जरवर ७ जून २०२२ ला इथे एकमत झालं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्याची शेवटची फेरी डिसेंबर २०२३ मध्ये तीन दिवस चालली.

वाटाघाटीचा कागद चार रकान्यांचा असतो: आयोगाचा मजकूर, संसदेचा, कौन्सिलचा, आणि चौथ्यात होत असलेली तडजोड. हा चौथा रकाना लपवण्याची रीत होती. २२ मार्च २०१८ रोजी युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने दे कापितानी खटल्यात सांगितलं की कायदा घडत असताना हा रकाना सरसकट गुप्त ठेवता येणार नाही. म्हणून मागा. २००१ च्या कागदपत्र-प्रवेश कायद्यानुसार संघाचा नागरिक किंवा सदस्य देशात राहणारी कोणतीही व्यक्ती, तसंच तिथे नोंदणी असलेली संस्था असा अर्ज करू शकते. आपल्या माहितीच्या अधिकाराचा हा युरोपीय भाऊ समजा. उत्तराची मुदत १५ कामकाजाचे दिवस. ती लांबवताही येते, त्यामुळे वाटाघाटी सुरू झाल्याचं कळताच अर्ज टाका. एकमताची घोषणा झाल्यावर मिळालेला चौथा रकाना अभ्यासाला चांगला, पण बदल घडवायला उशीर झालेला असतो.

ट्रायलॉगमुळे कामं वेगाने होतात हे मला मान्य आहे. पण लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाचा सौदा लोकांना बघता येऊ नये, हे मला पटत नाही. समिती इतकी उघडी आणि त्यानंतरची खोली इतकी बंद, ही या संसदेची सगळ्यात मोठी उणीव आहे.

पायरी ६: सभागृहातलं मतदान

पहिल्या वाचनात साधं बहुमत पुरतं आणि त्याला कालमर्यादा नाही. कौन्सिलने वेगळा मजकूर पाठवला तर दुसरं वाचन. तिथे तीन महिने, फार तर आणखी एक. आणि इथे गणित बदलतं. दुरुस्ती करायची किंवा फेटाळायचं तर एकूण सदस्यांचं बहुमत लागतं, म्हणजे ७२० पैकी ३६१. गैरहजर सदस्याचा फायदा कौन्सिलला होतो. संसद मुदतीत गप्प राहिली तर कौन्सिलचा मजकूर मंजूर धरला जातो. तरीही जुलै २००५ मध्ये संगणकप्रणालींच्या पेटंटचा प्रस्ताव दुसऱ्या वाचनात ६४८ विरुद्ध १४ मतांनी पाडला गेला होता. त्यापुढे समेट समिती असते, पण तिची वेळ आता क्वचितच येते.

सभागृहात सगळं ठरलेलं असतं असं मी वर म्हटलं. त्याला अपवाद लक्षात राहण्यासारखा आहे. रासायनिक कीटकनाशकांचा वापर कमी करण्याचा प्रस्ताव जून २०२२ मध्ये आला. ऑस्ट्रियाच्या सारा वीनर रॅपोर्टर होत्या. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी सभागृहात एकेक दुरुस्ती मंजूर होत गेली आणि मसुदा इतका पातळ झाला की तो हवा असलेल्यांनाही ओळखू येईना. शेवटी २९९ विरुद्ध २०७ मतांनी तो पडला, १२१ तटस्थ राहिले. समितीकडे परत पाठवण्याची मागणीही फेटाळली गेली. पुढच्या फेब्रुवारीत आयोगाने प्रस्ताव मागे घेत असल्याचं जाहीर केलं. म्हणून वादग्रस्त फाइल असेल तर त्या दिवसाची नावनिहाय मतदानाची यादी जरूर उतरवून घ्या. अंतिम मतदान नावानिशी नोंदलं जातं. कोणत्या सदस्याने काय केलं हे पुढच्या पत्राच्या पहिल्या ओळीत लिहिता येतं.

पायरी ७: कायदा झाल्यानंतरची पानं

इथे बहुतेक लोक फाइल बंद करतात. निर्यातदारांनी आणि स्थलांतरितांनी ती इथूनच जास्त बारकाईने वाचायला हवी.

डायरेक्टिव्ह असेल तर मुदत टिपून ठेवा. युरोपात नोकरीला गेलेल्या मराठी माणसांना थेट लागू पडणारं उदाहरण म्हणजे एप्रिल २०२४ चं एकल परवान्याचं डायरेक्टिव्ह, क्रमांक २०२४/१२३३. राहण्याच्या आणि कामाच्या एकत्रित परवान्यावर साधारण ९० दिवसांत निर्णय, नोकरी बदलण्याचा हक्क, आणि नोकरी गेल्यावर परवाना लगेच रद्द न होता किमान तीन महिन्यांची सवड, असं त्यात आहे. देशांना आपापले कायदे बदलायला मुदत होती २१ मे २०२६. कायदा झाला तेव्हा आयर्लंड आणि डेन्मार्क यात नव्हते. डब्लिनमधल्या मित्राने ‘नवा युरोपीय नियम आलाय’ असं व्हॉट्सअॅपवर पाठवलं, तर तो त्याला स्वतःलाच लागू नसण्याची शक्यता आहे.

आता ‘आयोगाला अधिकार प्रदान’ या खुणा काढा. त्यांच्या जोरावर आयोग पुढे दुय्यम नियम करतो. ‘डेलिगेटेड अॅक्ट’ असेल तर संसदेला साधारण दोन महिने मिळतात, ते वाढवताही येतात, आणि ३६१ मतांनी ती नियम अडवू शकते. ‘इम्प्लिमेंटिंग अॅक्ट’ असेल तर संसद नुसता आक्षेप नोंदवू शकते; तो बंधनकारक नसतो.

द्राक्षांच्या एमआरएलची, म्हणजे फळात कीटकनाशकाचा किती अंश चालेल याची मर्यादा अशाच दुय्यम नियमांनी ठरते. त्याचा पाया २००५ चं रेग्युलेशन ३९६. तिथे अजून जुनी ‘छाननीसह नियमन’ पद्धत चालते: मसुदा संसदेकडे येतो, तीन महिन्यांत ठरावीक कारणांवर ३६१ मतांनी तो रोखता येतो. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या, बागायतदारांच्या भाषेत सीसीसीच्या, अंशावरून आपले कंटेनर अडकले होते, ते नाशिक-सांगलीत कोणी विसरलेलं नाही. तेव्हापासून तपासण्या आणि नोंदी इथे खूप सुधारल्या. पण मर्यादा बदलण्याची चाहूल लागायला हवी ती तिकडे. सप्टेंबर २०२४ मध्ये संसदेने कार्बेंडाझिमसह काही औषधांच्या अंशांबाबतचे आयोगाचे मसुदे रोखले, कारण युरोपात बंदी असलेल्या औषधांचा अंश आयात मालात चालवून घेऊ नये असं सदस्यांचं म्हणणं होतं. हंगामाचं फवारणी वेळापत्रक आखणाऱ्याला ही बातमी कंटेनर भरताना कळून काय उपयोग? म्हणून पर्यावरण समितीच्या कार्यक्रमपत्रिकेतली ‘आक्षेप’ ही नोंद ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच महिन्यातून एकदा तपासत जा. निर्यातदार संघाने एका माणसाला एवढं काम नेमून दिलं तरी पुरे.

पायरी ८: देखरेखीची साधनं, आणि त्यांतलं काय तुमच्या कामाचं

संसदेचं दुसरं काम आयोगावर नजर ठेवण्याचं. रोजच्या उपयोगाचं साधन म्हणजे लेखी प्रश्न. एका सदस्याला तीन महिन्यांत २० प्रश्न विचारता येतात. साधारण उत्तर सहा आठवड्यांत, तातडीचं तीन आठवड्यांत अपेक्षित असतं. प्रश्न आणि उत्तर दोन्ही जाहीर होतात. आपल्याकडे आमदाराला गाठून तारांकित प्रश्न टाकायला लावतात, तसंच इथेही चालतं. प्रश्न अरुंद ठेवा: ‘अमुक देशाने डायरेक्टिव्हचं कलम ११ लागू केलं आहे का, नसेल तर आयोग काय करणार?’ असं विचारलं की आयोगाला अधिकृत भूमिका लिहून द्यावी लागते, आणि ते उत्तर तुम्ही पुढे कुठेही जोडू शकता. नवा प्रश्न सुचवण्याआधी जुनी उत्तरं शोधा, कारण बऱ्याचदा कोणीतरी ते विचारून ठेवलेलं असतं.

पैशावरची नजर जास्त धारदार आहे. वार्षिक अंदाजपत्रकाला संसदेची मंजुरी लागते. १९७९ च्या डिसेंबरात थेट निवडून आलेल्या पहिल्याच संसदेने पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक फेटाळून आपली ताकद दाखवली होती. आणि खर्च झाल्यावर लेखापरीक्षकांचा अहवाल बघून संसद आयोगाला ‘डिस्चार्ज’, म्हणजे हिशेबाला मंजुरी, देते. आपली लोकलेखा समिती आणि कॅगचा अहवाल डोळ्यांसमोर आणा, फक्त शेवटी सभागृहाचं मतदान असतं. १९९६ च्या हिशेबाला डिसेंबर १९९८ मध्ये संसदेने डिस्चार्ज नाकारला. जानेवारीत तेव्हाचे अध्यक्ष जाक सांतेर यांच्या आयोगावरचा अविश्वास ठराव २३२ विरुद्ध २९३ असा पडला, पण त्या गदारोळातून स्वतंत्र तज्ज्ञांची समिती नेमली गेली, तिचा अहवाल आला, आणि मार्च १९९९ मध्ये सगळ्या आयोगाने राजीनामा दिला.

अविश्वास ठरावाला मतदानाच्या दोन तृतीयांश आणि शिवाय एकूण सदस्यांचं बहुमत लागतं. मांडायला एक दशांश सदस्य, म्हणजे ७२ पुरतात. म्हणून ठराव येणं सोपं आणि मंजूर होणं फार अवघड. १० जुलै २०२५ रोजी उर्सुला फॉन डेअर लायेन यांच्या आयोगावरचा ठराव १७५ विरुद्ध ३६० असा पडला. ‘सरकार पडणार’ अशा मथळ्यांकडे बघताना हे गणित मनात ठेवा.

नेमणुकीच्या वेळची चाळणी याहून परिणामकारक आहे. आयोगाच्या अध्यक्षाला एकूण सदस्यांचं बहुमत मिळवावं लागतं (जुलै २०२४ मध्ये फॉन डेअर लायेन यांना ४०१ मतं मिळाली) आणि प्रत्येक नियोजित आयुक्ताची समित्या जाहीर सुनावणी घेतात. २०१९ मध्ये फ्रान्सच्या सिल्वी गुलार यांना याच चाळणीत परत जावं लागलं. आयुक्त सुनावणीत जी आश्वासनं देतो ती लेखी असतात. तुमच्या विषयाच्या आयुक्ताची ती उत्तरं उतरवून ठेवा. पाच वर्षं कामाला येतात.

चौकशी समित्यांचं नाव मोठं, हात आखूड. २०२२ मध्ये पेगॅसस आणि तशा हेरगिरीच्या प्रणालींच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. तिने बरीच माहिती उजेडात आणली. पण साक्षीदाराला सक्तीने हजर करण्याचा अधिकार अशा समितीला नाही.

पायरी ९: स्वतः अर्ज करा

युरोपीय निवडणुकीत मतदान फक्त संघाच्या नागरिकांना. दहा लाख सह्यांच्या नागरिक पुढाकारावर सही करणंही त्यांनाच. पण संसदेकडे अर्ज, म्हणजे पिटिशन, करण्याचा हक्क सदस्य देशात राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला आणि तिथे नोंदणीकृत कार्यालय असलेल्या प्रत्येक संस्थेला आहे. भारतीय पासपोर्टवर हॅम्बुर्गला राहणारी मुलगी तो करू शकते. द्राक्षं मागवणारी रॉटरडॅममधली आयातदार कंपनी करू शकते. हे कित्येकांना ठाऊकच नसतं, म्हणून ठासून सांगतो.

विषय संघाच्या अधिकारातला हवा आणि त्याचा तुमच्यावर थेट परिणाम झालेला हवा. भाड्याच्या घराची अनामत अडकली, हा बहुधा त्या देशाचा प्रश्न. एकल परवान्याचा अर्ज डायरेक्टिव्हच्या मुदतीपलीकडे महिनोन्महिने पडून आहे, हा संघाच्या कायद्याचा प्रश्न. अर्ज संघाच्या २४ अधिकृत भाषांपैकी कोणत्याही भाषेत चालतो. मराठी त्यात नाही, इंग्रजी आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही, पिटिशन पोर्टलवर भरता येतो. दोन पानांत लिहा: काय घडलं, कोणत्या तारखांना, संघाच्या कोणत्या कायद्याचं कोणतं कलम मोडलं गेलं, स्थानिक पातळीवर काय करून बघितलं, आणि काय हवंय. कागद क्रमांक घालून जोडा. नाव सार्वजनिक होऊ नये असं वाटत असेल तर तसं अर्जातच मागा.

तक्रार एखाद्या देशाबद्दल नसून युरोपीय संस्थेच्याच कारभाराबद्दल असेल, म्हणजे आयोगाने पत्राला उत्तर दिलं नाही किंवा कागद नाकारले, तर दार वेगळं: युरोपीय लोकपाल. त्यांची निवड संसद करते. फेब्रुवारी २०२५ पासून पोर्तुगालच्या तेरेझा आंजिन्यो या पदावर आहेत.

पिटिशन दाखल झाल्यावर क्रमांक मिळतो. समिती आधी तो आपल्या कक्षेत बसतो का ते बघते, मग बहुधा आयोगाकडून माहिती मागवते. निवाडा देण्याचा किंवा एखाद्या देशाचा निर्णय फिरवण्याचा अधिकार समितीला नाही, आणि याला महिने लागतात, त्यामुळे स्थानिक अपिलाची मुदत या भरवशावर घालवू नका; ते वेगळं चालू ठेवा. पोर्टलवर मंजूर झालेल्या पिटिशनला इतरांना पाठिंबा देता येतो. एकाच अडचणीत असलेल्या चाळीस जणांनी चाळीस अर्ज करण्यापेक्षा एक नीट अर्ज आणि त्याला एकोणचाळीस पाठिंबे बरे. क्रमांक हाती आला की पिटिशन समितीच्या बैठकांच्या कार्यक्रमपत्रिका बघत राहा. काही अर्जदारांना बोलावलं जातं आणि सदस्यांसमोर, आयोगाच्या अधिकाऱ्याच्या उपस्थितीत, काही मिनिटं बोलायला मिळतं. तो प्रसंग आला तर कलम क्रमांक आणि तारखा यांनीच सुरुवात करा.